स्वतःचा इलेक्ट्रॉनिक ट्रॅक बाजारात आणण्याचा क्रम: शेवटच्या मिक्सपासून पहिल्या रॉयल्टीपर्यंत

गुरुवारी रात्री ट्रॅक संपतो, शुक्रवारी सकाळी अपलोड होतो आणि सोमवारपासून फोन सुरू होतात. गाणं भलत्याच कलाकाराच्या पानावर गेलं. यूट्यूबने क्लेम टाकला. गायिका म्हणते, तिचं नावच नाही. क्लबच्या यंत्रावर फाइल वाजेना. यातली एकही अडचण संगीताची नाही, सगळ्या क्रमाच्या आहेत.

घरी बसून एफएल स्टुडिओ, एबलटन किंवा लॉजिक अशा संगणकावरच्या सॉफ्टवेअरवर संगीत करणाऱ्या आणि लेबलशिवाय, म्हणजे संगीत कंपनीशिवाय, स्वतःच प्रकाशित करणाऱ्या निर्मात्यासाठी हा लेख आहे. बीट कसा बांधायचा हे इथे मिळणार नाही. अपलोडचं बटण दाबल्यावर ज्या गोष्टी बदलता येत नाहीत किंवा बदलताना घाम फुटतो, त्या आधी उरकायच्या, एवढ्याच तत्त्वावर पुढचे टप्पे लावले आहेत.

## १. आधी तारीख ठरवा आणि तिथून मागे मोजा

मास्टर झालेली, म्हणजे प्रकाशनासाठी शेवटचा हात फिरवलेली, फाइल हातात आल्यापासून किमान सहा आठवड्यांनी प्रकाशनाची तारीख ठेवा. वार शुक्रवार. जगभर नवीन संगीत याच दिवशी येतं आणि प्लेलिस्टही याच दिवशी बदलतात.

पहिले दोन आठवडे कागदपत्रं, नावं आणि कव्हरचं चित्र यात जातात. नंतर अपलोड. वितरकाकडून, म्हणजे तुमचं गाणं सगळीकडे पोचवणाऱ्या ऑनलाइन सेवेकडून, दुकानांपर्यंत, म्हणजे स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक वगैरेंपर्यंत, गाणं पोचायला आठवडाभर धरा, काही चूक निघून परत आलं तर आणखी एक. उरलेले दोन-तीन आठवडे स्पॉटिफायच्या संपादकांकडे पाठवण्यासाठी आणि लोकांना सांगण्यासाठी.

गणपतीत वाजावं म्हणून ट्रॅक करणाऱ्यांनी हा हिशेब पंचांगावर मांडावा. भाद्रपदात वाजायचं गाणं आषाढात तयार हवं. श्रावण संपताना अपलोड केलेलं गाणं विसर्जनानंतर लोकांच्या हाती पडतं, आणि मग पुढच्या वर्षीच्या गप्पा.

तपासा: मास्टर हातात नसताना तारीख जाहीर केली आहे का? केली असेल तर ती पोस्ट आत्ताच काढा.

## २. प्रोजेक्टमध्ये नेमकं कुणाकुणाचं काय आहे?

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो आणि सगळ्यात महाग पडतो. प्रोजेक्ट उघडा, वरून खाली प्रत्येक ट्रॅकवर जा आणि कागदावर तीन रकाने करा: मी स्वतः वाजवलेलं किंवा प्रोग्रॅम केलेलं, विकत किंवा वर्गणीतून घेतलेलं, दुसऱ्याचं.

विकत घेतलेले लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचे तयार तुकडे. स्प्लाइससारख्या सेवांवरचे नमुने नव्या रचनेत व्यावसायिक वापराला मोकळे असतात. पण तोच लूप तुमच्यासारख्या हजारो जणांकडे आहे. त्यामुळे तो जसाच्या तसा, उघडा, चार-आठ बार वाजत असेल तर पुढे यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये, म्हणजे कुणाचं गाणं कुठे वाजतंय ते आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, घोळ होणार. कापा, सूर बदला, वर काहीतरी चढवा. कुठल्या पॅकमधून कधी घेतला, त्याची पावती किंवा स्क्रीनशॉट प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये टाका.

जुन्या गाण्यांचे तुकडे. ‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ ही अफवा आहे. भारतीय कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही. जुन्या लावणीच्या रेकॉर्डवरून एक हाक उचलली तरी दोन वेगळे हक्क लागतात: एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल, दुसरा त्या ध्वनिमुद्रणाचा. बहुतेक वेळा दोन्हींचे मालक वेगळे असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चालीचा हक्क ती करणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

‘पारंपरिक आहे हो’ हे वाक्य मला दर महिन्याला ऐकायला मिळतं. तुकोबांचे शब्द सतराव्या शतकातले, ते मोकळे आहेत. पण ज्या चालीत तुम्ही तो अभंग ऐकत मोठे झालात ती विसाव्या शतकातल्या कुणा संगीतकाराची असू शकते आणि ती मोकळी नाही. कोळीगीतांचंही तसंच. पारंपरिक समजली जाणारी कितीतरी गाणी नावानिशी कवी-संगीतकारांची आहेत. शोधा, विचारा. नाहीच उलगडलं तर नवी चाल बांधा. निर्माते आहात ना?

कव्हर आणि रिमिक्स. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कव्हर म्हणजे जुनं गाणं स्वतः नव्याने गाऊन-वाजवून केलेलं ध्वनिमुद्रण. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी मध्ये कव्हर ध्वनिमुद्रणासाठी वैधानिक परवान्याची सोय आहे. पण मूळ गाणं ज्या वर्षी पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात, आगाऊ सूचना द्यावी लागते आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने रॉयल्टी भरावी लागते. मूळ रेकॉर्डिंगचा तुकडा वापरून केलेला रिमिक्स त्यात बसतच नाही. त्याला थेट मालकाची परवानगी. मंडळांसाठी रिमिक्स करणाऱ्या मुलांच्या हातात जे कौशल्य आहे ते अस्सल आहे, त्यावर वाद नाही. पण ते रिमिक्स वितरकाकडे ‘मूळ रचना’ म्हणून चढवले की खातंच बंद होऊ शकतं, आणि त्यासोबत तुमचे स्वतःचे ट्रॅकही जातात.

माणसं. हलगीवाल्याला बोलावून दोन तास वाजवून घेतलं, गायिकेने फोनवर एक ओळ पाठवली, मित्राने बेसलाइन सुचवली. तिघांशीही गाणं बाहेर पडायच्या आधी लेखी ठरवा. त्याला स्प्लिट शीट म्हणतात. पान एकच पुरतं, पण त्यात दोन तक्ते हवेत:

रचनेचा तक्ता: चाल कुणाची, शब्द कुणाचे, टक्के किती. बेरीज १००.

मास्टरचा तक्ता: ध्वनिमुद्रण कुणाच्या मालकीचं, उत्पन्नात कुणाला किती. हीसुद्धा वेगळी बेरीज १००.

हलगीवाल्याने ठरलेला ताल वाजवला असेल तर रचनेत त्याचा वाटा शून्य असू शकतो, पण मास्टरमध्ये द्यायचा की ठोक मानधन द्यायचं हे त्याच्याशी बोलून ठरतं. ठोक मानधन दिलं तर ‘ही रक्कम मिळाली, हे ध्वनिमुद्रण या ट्रॅकमध्ये वापरायला संमती आहे’ असं मराठीत लिहून सही घ्या. वादक म्हणून त्याचे कायद्याने वेगळे हक्क असतात, म्हणून तोंडी संमती पुरत नाही. आणि पैसे त्याच दिवशी द्या. गाणं चाललं की देतो, ही भाषा वादकांनी पुरेशी ऐकली आहे.

सावध: हक्क लिहून देताना-घेताना मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गायिकेकडून घेतलेल्या दोन ओळींच्या कागदावर तुम्ही जगभर गाणं विकत असता आणि सहाव्या वर्षी कागद संपलेला असतो.

तपासा: ‘दुसऱ्याचं’ या रकान्यातल्या प्रत्येक नोंदीसमोर एक कागद आहे का? नसेल तर तिसऱ्या टप्प्यावर जाऊ नका.

## ३. मिक्स: खोलीवर विश्वास ठेवू नका

मास्टरिंगला जाण्याआधी एक हिशेब. दहा फुटी खोली म्हणजे साधारण ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंतची पहिली अनुनादाची वारंवारता ३४३ भागिले ६.१, म्हणजे सुमारे ५६ हर्ट्झ. हाउस आणि टेक्नोच्या किकचा गाभा बहुधा ४५ ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे तुमची बेडरूम नेमकी तुमच्या किकवरच खोटं बोलते.

कसं खोटं बोलते, तेही पाहा. खोलीच्या बरोबर मध्यावर ५६ हर्ट्झ जवळजवळ ऐकू येत नाही, भिंतीला टेकून बसलात तर दणकून येतो. मध्यावर बसणारा निर्माता किक वाढवत नेतो आणि क्लबमध्ये नुसता घुमारा ऐकू येतो. पाठ भिंतीला लावून बसणारा किक कापत नेतो आणि त्याचा ट्रॅक मोठ्या सिस्टिमवर पोकळ वाजतो. सिंथवर साधी साइन वेव्ह लावा, ४० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू सरकवा आणि खोलीत चालत ऐका. कुठे गिळली जाते आणि कुठे फुगते ते पाच मिनिटांत कळेल. फोमचे पातळ तुकडे चिकटवून यात काही फरक पडत नाही, ते फक्त वरच्या आवाजांवर चालतात. खालच्यासाठी कोपऱ्यांत जाड बेस ट्रॅप लागतात. ते जमत नसेल तर खालचं टोक बंद पाठीच्या हेडफोनवर ठरवा आणि आपल्याच प्रकारातल्या एखाद्या प्रकाशित ट्रॅकशी, आवाज समान करून, ताडून पाहा.

मग एक्स्पोर्टची तयारी:

- मास्टर चॅनेलवरचा लिमिटर, म्हणजे शिखरं दाबून आवाज वाढवणारा प्लगइन, काढा. रंगासाठी लावलेला कंप्रेसर ठेवायचा असेल तर ठेवा, पण एक फाइल त्याच्याशिवायही काढा.
- शिखर उणे ६ ते उणे ३ डीबीच्या दरम्यान असू द्या. नेमका आकडा पवित्र नाही, लाल दिवा लागत नाही एवढं बघा.
- साधारण १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो. मग पूर्ण ट्रॅक मोनो करून ऐका. मुख्य सिंथ गायब झाला तर रुंदी वाढवणारा प्लगइन गुन्हेगार आहे.
- २४ बिट वेव्ह, प्रोजेक्टच्याच सॅम्पल रेटवर. ४४.१ चा प्रोजेक्ट ९६ वर काढून गुणवत्ता वाढत नाही.
- शेवटच्या रिव्हर्बची शेपटी कापली जात नाही ना, ते फाइलच्या टोकाशी जाऊन ऐका.

सावध: एक्स्पोर्ट झालेली फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दुसरं काही न करता ऐका. फ्रीझ केलेला चॅनेल चुकून म्यूट राहणं, ऑटोमेशन एका बारने सरकणं, प्लगइनच्या डेमोची अधूनमधून येणारी शांतता, या तिन्ही गोष्टी प्रकाशित गाण्यांत सापडल्या आहेत.

## ४. मास्टर: किती जोरात?

स्पॉटिफाय आणि यूट्यूब गाण्याचा आवाज साधारण उणे १४ लफ्सच्या (लफ्स हे कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास आणून वाजवतात, ॲपल म्युझिकचा साउंड चेक उणे १६ च्या. म्हणून ‘उणे १४ वर मास्टर करा’ असा सल्ला सगळीकडे दिसतो. क्लबसाठी केलेल्या ट्रॅकला तो लागू करू नका. उणे १४ चा टेक्नो डीजेच्या सेटमध्ये दोन भारी ट्रॅकच्या मध्ये आला की मरगळलेला वाटतो. दुसरीकडे, उणे ५ पर्यंत ठोकून चपटा केलेला ट्रॅक स्पॉटिफायवर तेवढ्याच प्रमाणात खाली ओढला जातो, मग उरतो फक्त चपटेपणा. माझं मत: नाचण्याच्या संगीताला उणे ९ ते उणे ८, ॲम्बियंट आणि डाउनटेम्पोला त्याहून बराच मोकळा. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं सर्वोच्च शिखर, उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. संकुचित फाइलमध्ये रूपांतर होताना शिखरं वर चढतात आणि तिथे चिरकतं.

दोन लांबीच्या आवृत्त्या काढा. ऐकणाऱ्यांसाठी तीन-साडेतीन मिनिटांची आणि डीजेसाठी लांब. लांब आवृत्तीत दोन्ही टोकांना ३२ बार बीट मोकळा हवा. १२८ बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या वेगाला, चार ठोक्यांचे ३२ बार म्हणजे बरोबर ६० सेकंद. गोव्याच्या वळणाचा सायट्रान्स १४५ ला करत असाल तर सुमारे ५३ सेकंद. त्यापेक्षा कमी जागा दिली की मिसळायला वेळ राहत नाही, आणि डीजे तो ट्रॅक पुन्हा उचलत नाही.

## ५. प्रोजेक्ट बंद करण्याआधी

एबलटनमध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’, एफएलमध्ये झिप केलेलं लूप पॅकेज, लॉजिकमध्ये सगळे ॲसेट्स प्रोजेक्टमध्येच. त्यानंतर स्टेम, म्हणजे किक, बेस, गायन अशा थरांच्या वेगवेगळ्या फाइली, काढा: सगळे पहिल्या बारपासून सुरू होणारे, सारख्या लांबीचे, २४ बिट, नावात बीपीएम आणि स्वर. इफेक्टसह एक संच, गायनाचा आणि मुख्य सुराचा इफेक्टशिवाय दुसरा. सोबत वाद्यसंगीताची आवृत्ती. जाहिरातवाल्यांचा किंवा रिमिक्स करणाऱ्याचा निरोप आला तर तो ‘आज संध्याकाळपर्यंत’ असाच असतो, आणि तोवर तुमचा एखादा प्लगइन नव्या अपडेटला उघडतच नसतो.

दोन ठिकाणी प्रती. त्यातली एक घराबाहेर.

## ६. नावं आणि क्रमांक

कलाकाराचं नाव. आधी सगळ्या सेवांवर शोधा. त्याच नावाचा कुणी असेल तर नाव बदला, हट्ट करू नका. नाव ठरलं की स्पेलिंग एकच, कायम. पहिलं गाणं असेल तर अपलोडच्या वेळी ‘नवीन कलाकार’ निवडा. दुसऱ्यापासून स्वतःच्या पानाची लिंक द्या. हे न केल्यामुळेच गाणी दुसऱ्याच्या पानावर जातात.

रचनाकाराचं नाव. इथे रंगमंचावरचं नाव चालत नाही. पॅन कार्डावर आहे तसं खरं, पूर्ण नाव. रॉयल्टी जुळवणाऱ्या संस्था याच नावावर शोधतात. स्प्लिट शीटवरची सगळी नावं इथे आली पाहिजेत.

आयएसआरसी. प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षरांचा क्रमांक. तो गाण्याचा नसतो, त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा असतो. म्हणून छोटी आवृत्ती, लांब आवृत्ती, वाद्यसंगीत आणि मित्राने केलेला रिमिक्स, चौघांना चार वेगळे क्रमांक. बहुतेक वितरक तो फुकट देतात. मिळाल्याबरोबर एका तक्त्यात उतरवून ठेवा, कारण शेवटच्या टप्प्यात याच तक्त्यावर सगळं अवलंबून आहे. यूपीसी हा वेगळा, तो संपूर्ण प्रकाशनाचा.

कव्हरचं चित्र. चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी. त्यावर इन्स्टाग्रामचं नाव, फोन नंबर, वेबसाइट किंवा कुठल्या कंपनीचा लोगो टाकला की परत येतं. मंडळाच्या बॅनरसारखे सगळ्यांचे फोटो लावायची खाज इथे आवरा. फोनच्या पडद्यावर कव्हर नखाएवढं दिसतं.

तपासा: हे सगळं एका वहीत किंवा शीटमध्ये आहे का? वितरकाच्या खिडकीत बसून, आठवून आठवून भरू नका.

## ७. वितरक निवडणं आणि अपलोड

दर पाहण्याआधी एकच प्रश्न विचारा: मी पैसे भरणं थांबवलं तर गाण्याचं काय होतं? डिस्ट्रोकिड वार्षिक वर्गणीवर चालते, कमाईतला वाटा घेत नाही, पण वर्गणी थांबली आणि गाणं कायम ठेवण्याचे वेगळे पैसे भरलेले नसले तर गाणी उतरू शकतात. सीडी बेबी प्रत्येक प्रकाशनाला एकदाच पैसे घेते आणि कमाईतले ९ टक्के ठेवते. वर्षाला दहा ट्रॅक काढणाऱ्याला पहिली पद्धत परवडते, दोन वर्षांत एक ईपी, म्हणजे थोड्या गाण्यांचा छोटा संच, काढणाऱ्याला दुसरी. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर वेगळं चढवा. तिथे डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापले जातात, पण गाणं विकत घेणारा माणूस तिथेच भेटतो.

अपलोड करताना कंटेंट आयडीचा रकाना येईल. मोहात पाडणारा असतो, कारण दुसऱ्याच्या व्हिडिओत तुमचं गाणं वाजलं तर पैसे तुम्हाला. पण ट्रॅकमध्ये सामायिक लूप उघडा वाजत असेल तर तो चालू करू नका. तोच लूप वापरणाऱ्या भलत्यांवर क्लेम जातात, ते भांडायला येतात आणि शेवटी वितरक तुमची ती सोयच बंद करतो.

सावध: ‘पाचशे रुपयांत दहा हजार स्ट्रीम’ विकणाऱ्यांपासून लांब राहा. कृत्रिम स्ट्रीम पकडले गेले की स्पॉटिफाय वितरकाकडून दंड घेते, वितरक तो तुमच्याकडून वसूल करतो आणि गाणंही उतरवतो. प्लेलिस्टमध्ये नक्की जागा देतो म्हणून पैसे मागणारा हाही त्यातलाच.

## ८. अपलोड झालं, शुक्रवार यायचा आहे

स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स, म्हणजे स्पॉटिफायवरचं कलाकारांसाठीचं खातं, ताब्यात घ्या आणि प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी गाणं संपादकांकडे पाठवा. सात दिवसांची अट पाळली तर तुमच्या अनुयायांच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत ते आपोआप जातं, संपादकांनी उचललं नाही तरी. गाणं बाहेर पडल्यावर हा दरवाजा बंद. एका वेळी एकच गाणं पाठवता येतं, म्हणून ईपीतलं कुठलं ते आधी ठरवा.

मजकुराला ५०० अक्षरं मिळतात. ‘हे गाणं माझ्या हृदयाच्या जवळचं आहे’ असं लिहून ती वाया घालवू नका. संपादकाला हवं ते सांगा: प्रकार, वेग, वाद्यं, कुठल्या वेळेला शोभेल, आणि वेगळं काय आहे. ‘१२४ बीपीएम ऑरगॅनिक हाउस, सांगलीत ध्वनिमुद्रित केलेली खरी हलगी, शब्द नाहीत, सूर्यास्ताच्या सेटसाठी’ एवढं पुरतं.

लेबलला पाठवायचा विचार असेल तर तो या टप्प्यावर नाही, पहिल्या टप्प्याच्याही आधी. एकदा प्रकाशित झालेला ट्रॅक बहुतेक लेबलांना नको असतो. पाठवताना दोन किंवा तीनच ट्रॅक, साउंडक्लाउडची खासगी लिंक, डाउनलोड चालू. फाइल ईमेलला जोडू नका. वीस लेबलं एकाच ईमेलच्या पत्त्यात दिसली की कुणीच उघडत नाही.

## ९. पैशाची नळी जोडणं

स्ट्रीमिंगचे वितरकाकडून येणारे पैसे मास्टरचे. रचनेचे पैसे वेगळ्या वाटेने येतात आणि ती वाट बहुतेकांनी जोडलेलीच नसते. ती म्हणजे आयपीआरएस, मुंबईतली १९६९ पासूनची गीतकार-संगीतकार-प्रकाशकांची संस्था. शब्द नसलेला ट्रॅक करणारा निर्माताही संगीतकारच. पॅन, ओळखपत्र, बँकेचा तपशील आणि प्रकाशित गाण्यांची माहिती देऊन सदस्य व्हा, मग प्रत्येक रचना तिथे नोंदवा. सदस्य झालात पण रचना नोंदवल्या नाहीत, तर पैसे जुळणार कशाशी? स्प्लिट शीटवरचे टक्के आणि तिथे नोंदवलेले टक्के एकच हवेत.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्द-संगीताच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार आणि संगीतकार सोडून देऊ शकत नाही, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला लिहून देऊ शकत नाही. एखाद्या लेबलचा करार ‘सर्व रॉयल्टी कायमची’ मागत असेल तर हे माहीत असू द्या. मास्टरच्या बाबतीत असं संरक्षण नाही, तिथे सही केली की केली.

वितरक अमेरिकी असेल तर डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी करासाठीचा फॉर्म भरायला लावतो. पॅन क्रमांक टाकून भारत-अमेरिका कर-कराराचा दावा करा. अमेरिकेतल्या उत्पन्नावर ३० ऐवजी साधारण १५ टक्के कापले जातात. फॉर्मवरचं नाव, पॅनवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकच हवं. आडनाव पुढे-मागे झालं तरी पैसे अडकतात. हा फॉर्म सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षअखेरीस संपतो, तेव्हा पुन्हा भरायचा. पेपालवर भारतात फक्त परदेशातून आलेले पैसे घेता येतात. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर जायला लागली की जीएसटीसाठी सीए गाठा. तो दिवस लांब असेल, पण कार्यक्रम आणि जाहिराती धरून तो अचानक येतो.

अपेक्षा जमिनीवर ठेवा. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या ट्रॅकचे पैसेच सुरू होत नाहीत. आणि सुरू झाले तरी घरभाडं कार्यक्रमांतून आणि दुसऱ्यांसाठी केलेल्या कामातून निघतं. म्हणून पुढचे दोन टप्पे.

## १०. पहिला कार्यक्रम: पेन ड्राइव्ह

क्लबच्या पायोनियर यंत्रात ३२ बिट फ्लोट वेव्ह घातली की पडद्यावर ई-८३०५ येतो आणि ट्रॅक वाजत नाही. एक्स्पोर्टच्या खिडकीत शेवटचं काम ३२ बिटवर केलं असेल तर हे हमखास होतं. डीजेसाठीची प्रत १६ किंवा २४ बिट, ४४.१ वर काढा. वेव्हऐवजी एआयएफएफ बरी, तिच्यात नाव आणि कव्हर टिकतात. पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा, रेकॉर्डबॉक्स या पायोनियरच्याच सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट करा, नुसत्या फाइली ओढून टाकू नका. दोन सारखे पेन ड्राइव्ह. आणि दारं उघडण्याआधी स्वतःचा एक ट्रॅक पूर्ण जोरात वाजवून बघा: खोलीच्या हिशेबाचा निकाल तिथे लागतो.

## ११. दुसऱ्यासाठी निर्मिती करताना

गायक घरी येतो, चाल गुणगुणतो, तुम्ही गाणं उभं करता. भांडण इथेच जन्माला येतं. कामाआधी व्हॉट्सॲपवर नाही, ईमेलवर लिहून घ्या: निम्मे पैसे आगाऊ, किती फेरबदल रकमेत धरले आहेत, त्यापुढच्या प्रत्येक फेरीचे किती, रचनेत तुमचा वाटा आहे का, श्रेयात नाव कसं येणार. ऐकायला पाठवायची फाइल एमपीथ्री आणि मध्येमध्ये आवाजी खूण असलेली. पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावर वेव्ह. स्टेम हे वेगळं काम, त्याचे वेगळे पैसे.

टीडीएस कापून कुणी पैसे दिले तर तो २६एएस या आयकर खात्याच्या विवरणात दिसतो का, हे मार्चची वाट न पाहता तिमाहीला बघा. कापून घेतलेला पण भरलेलाच नाही, असा टीडीएस नंतर मागत फिरणं फार जिवावर येतं.

## १२. पहिलं स्टेटमेंट आणि वितरक बदलणं

स्ट्रीमिंगचे आकडे दोन-तीन महिने उशिरा येतात. पहिलं स्टेटमेंट आलं की फक्त बेरीज बघू नका. प्रत्येक आयएसआरसीसमोर ओळ आहे का ते तुमच्या तक्त्याशी ताडा. लांब आवृत्ती यादीतच नसेल तर ती कुठल्या तरी दुकानात पोचलेली नाही. वादकांचे आणि गायिकेचे वाटे त्याच आठवड्यात पाठवा, रक्कम ऐंशी रुपये असली तरी, स्टेटमेंटच्या पानासकट.

वितरक बदलायची वेळ आली तर क्रम असा. जुन्याकडची गाणी उतरवू नका. नव्याकडे तीच फाइल, तेच नाव, तेच स्पेलिंग, तीच लांबी आणि तोच आयएसआरसी टाकून अपलोड करा. ‘माझ्याकडे क्रमांक आहे’ हा पर्याय निवडा, नाहीतर तो नवीन देईल आणि जुने स्ट्रीम वेगळे पडतील. गाणं दोन्हीकडून दुकानांत दिसायला लागलं, आकडे जुळले आणि प्लेलिस्टमधली जागा शाबूत आहे हे डोळ्यांनी पाहिलं की मग जुन्याला उतरवायला सांगा. जुन्या खात्यातले उरलेले पैसे काढल्याशिवाय खातं बंद करू नका. शेवटचं स्टेटमेंट तिथेच येणार आहे.